भिशीचे पैसे आणि जुनी बुलेट

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र समोर आहे. नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. मुलगा चाकणच्या कारखान्यात लागून वर्ष झाले. त्याला बुलेट हवी आहे. नवी परवडत नाही म्हणून जुनी. भिशीचे आणि शिवणाचे मिळून ताईंकडे ९० हजार रुपये साठले आहेत. त्यातूनच जूनमध्ये धाकटीच्या कॉलेज-प्रवेशाचे २५ हजार भरायचे आहेत. मुलाने गाडी पाहून ठेवली आहे : २०१६ ची क्लासिक ३५०, कोल्हापूर पासिंग, आताचा मालक दुसरा, सांगितलेली किंमत ८५ हजार. तो म्हणतो, "आई, प्रवेशापर्यंत मी परत करतो, पण या रविवारी पैसे दिले नाहीत तर गाडी जाईल." ताई विचारतात, "हो म्हणू की नको म्हणू? आणि हो म्हटले तरी गाडी चांगली की वाईट हे मला बाईमाणसाला काय कळणार?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. कळते हो, ताई! भांड्याला गेलेला पोचा, शिळी भाजी वर पाणी मारून ताजी केलेली, धुऊन इस्त्री केलेले पण विरलेले कापड हे ज्या डोळ्यांना कळते, त्याच डोळ्यांना जुनी गाडीही कळते. आमच्या घरात आजवर तीन दुचाक्या आल्या, तिन्ही दुसऱ्याच्या हातच्या, आणि तिन्ही वेळा गाडीभोवती फेऱ्या मारायला मी होते. पुरुषमंडळी गाडीचा आवाज ऐकून विरघळतात. आपण विरघळत नाही, हा आपला मोठाच फायदा आहे.

आधी एक हिशेब करा. मुलगा रोज कामाला किती जातो? समजा जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे हजार किलोमीटर. साडेतीनशे सी.सी.ची जुनी गाडी लिटरला तीस-पस्तीसच्या आसपास देते. म्हणजे महिन्याला तीसएक लिटर पेट्रोल. शंभर सी.सी.ची साधी मोटारसायकल साठच्या आसपास देते, म्हणजे सोळा-सतरा लिटर. पेट्रोल शंभराच्या वर गेलेले आहे, तेव्हा नुसत्या पेट्रोलचा फरक महिना चौदाशे रुपयांच्या घरात. वर्षाला साडेसोळा हजार! हा आकडा कागदावर लिहून मुलापुढे ठेवा आणि गप्प बसा. "मग नको," असे तो म्हणाला तर प्रश्न मिटला. पण त्याने पगारातून ते पेट्रोल भरायचे ठरवले तर हौसेलाही मोल असते, ते मी नाकारणार नाही. शिवाय अशा गाडीचे खरे फायदेही आहेत. चाकणहून गावाकडे दोन-अडीचशे किलोमीटर यायचे तर जड गाडी महामार्गावर डगमगत नाही, मागे माणूस आणि सामान असले तरी घाट रडतकढत चढत नाही. एकच सिलिंडर, इंजिनाला थंड करायला नुसता वारा, साधी रचना. त्यामुळे तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजमध्ये हात लावणारा माणूस मिळतो.

आता 'बुलेट बुलेट' म्हणतात ती एक नव्हे. १९५५ मध्ये मद्रासला या गाड्यांची जुळणी सुरू झाली, तेव्हापासूनचे ते जुने ओतीव लोखंडी इंजिन. बहुतेकांचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. ती गाडी शौकिनाची. ज्याच्या घरी पान्यांची पेटी आहे आणि रविवार मोकळा आहे त्याने घ्यावी. आठ वाजता कारखान्यात हजेरी लावायची आहे त्याने नाही. त्यानंतर २००९ च्या सुमारास इंजिन आणि गिअरपेटी एकाच खोक्यात असलेले ३४६ सी.सी.चे इंजिन आले. क्लासिक ३५० त्याच वर्षी आली. ताईंच्या मुलाने पाहिलेली गाडी या पिढीची. आणि तिसरी पिढी ३४९ सी.सी.ची : २०२० अखेरीस मेटिऑर, सप्टेंबर २०२१ मध्ये नवी क्लासिक, ऑगस्ट २०२२ मध्ये हंटर आणि सप्टेंबर २०२३ मध्ये खुद्द बुलेट. या इंजिनात थरथर मारणारा जादा दांडा बसवला आहे, त्यामुळे हातापायांना मुंग्या येत नाहीत. मला विचाराल तर पैसे पुरत असतील तेव्हा या तिसऱ्या पिढीचीच जुनी गाडी घ्यावी. तिच्यात एकच लक्षात ठेवायचे : किक नाही. बॅटरी बसली की गाडी बसली.

मधला एक टप्पा विसरू नका. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.च्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ए.बी.एस. सक्तीचे झाले. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरू नये, यासाठी ती सोय. आणि एप्रिल २०२० पासून कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आले. २०१६ च्या गाडीत साधारणपणे या दोन्ही गोष्टी नसणार. कार्बुरेटरचे मला वाईट वाटत नाही, तो गावातला फिटर साफ करून देतो. ब्रेकचे मात्र आईच्या जिवाला वाटते. पुणे-नाशिक रस्त्यावरची संध्याकाळची ट्रकांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

इतर कंपन्यांच्याही गाड्या आहेत. होंडाची सी.बी. ३५० ही २०२० पासून आली आहे. इंजिन गुळगुळीत, पण ती बिगविंग नावाच्या वेगळ्या दालनांतून विकली जाते, तेव्हा तसे दालन आपल्यापासून किती लांब आहे ते आधी पाहावे. जावाचे नाव काढले की घरातली वडीलमंडळी हळवी होतात. पण त्यांच्या तरुणपणीची जावा टू-स्ट्रोक होती. २०१८ पासून आलेली जावा फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी, अगदी निराळी गाडी आहे. आठवणींवर पैसे लावू नयेत.

आता प्रत्यक्ष गाडी पाहायला जाऊ.

सकाळी सातला जा आणि आदल्या दिवशी फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिले काम, इंजिनावर हाताचा पंजा ठेवायचा. कोमट लागले तर त्याने आधी चालू करून ठेवली आहे. का? थंड इंजिनाची खोड लपवायला. "सहज दूध आणायला गेलो होतो," असे सांगतील. सांगू द्यात, आपण चहा घेऊ नका, तासाभराने येतो म्हणून बाहेर पडा, किंवा दुसरा दिवस ठरवा.

गार असेल तर सेल्फ मारायला सांगा आणि कान द्या. या मधल्या पिढीच्या गाड्यांत सेल्फचा एक भाग असतो, एकाच बाजूने पकड घेणारा. फिटर त्याला स्प्रॅग म्हणतात. बॅटरी कमजोर असताना सेल्फ मारमारून तो खराब होतो आणि मग चालू करताना कडाड्कन आवाज येतो. ते काम स्वस्तातले नाही, इंजिनाचे झाकण उघडावे लागते. विकणारा किकच मारून दाखवत असेल आणि "मला किकचीच सवय आहे" म्हणत असेल, तर सेल्फचा आग्रह धरा.

चालू झाल्यावर मागे जाऊन धूर पाहा. थंडीच्या सकाळी किंचित पांढरी वाफ येऊन थांबते, तिला घाबरू नका. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन तेल पिते आहे. बोअर-पिस्टनचे काम जवळ आले. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, ते बहुधा कार्बुरेटरच्या दुरुस्तीत निभते. इंजिनाच्या अंगाला तेल पाहायची गोल काच असते, तीत डोकवा. तेल काळे असले तर फक्त बदलायला झाले आहे. ताकासारखे पांढुरके असले तर आत पाणी गेले आहे.

आणि पाण्यावरूनच ताईंना खास सांगते. २०१६ ची, कोल्हापूर पासिंगची गाडी. ऑगस्ट २०१९ चा महापूर आणि जुलै २०२१ चा पूर, दोन्ही तिने पाहिले आहेत. कुठे उभी होती ती त्या वेळी? हा प्रश्न सरळ विचारा. एम.एच.०९ आणि एम.एच.१० च्या गाडीला तो विचारायचाच, आणि चिपळूण २०२१ मध्ये बुडाले तेव्हा एम.एच.०८ लाही. पुरात राहिलेली गाडी धुऊन, रंगवून, नवे सीटकव्हर घालून विकतात. पण चिखल हा हळदीच्या डागासारखा चिवट. सीट काढायला सांगा. खालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशी दिसते का, हत्यारांच्या डब्याच्या कोपऱ्यात बारीक गाळ हाताला लागतो का, हेडलाइटच्या काचेच्या आत पाण्याची रेघ आहे का, हे टॉर्च मारून बघा. कोकणातल्या गाडीला खाऱ्या हवेचा गंज असतो; तो सायलेन्सरच्या खालच्या बाजूला आणि तारांच्या चाकाच्या मुळाशी आधी दिसतो. गोव्याहून स्वस्तात आलेली असेल तर ती पर्यटकांना भाड्याने दिलेली होती का, ते कागदावरून तपासा. भाड्याच्या गाडीला शंभर हात लागलेले असतात आणि कुणाचाच जीव तिच्यात नसतो.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नका. मीटर बदलता येतो. पण पायाखालचे रबर, ब्रेकचे पायडल, हँडलची मूठ आणि किल्लीचे भोक बदलायचे कुणाला सुचत नाही. मीटर म्हणतो १८ हजार आणि ब्रेकचे पायडल घासून चकचकीत गुळगुळीत झालेले, तर पायडल खरे. टायरवर कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात : ३६२१ म्हणजे २०२१ सालच्या छत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक होते आणि पावसात धरत नाही. चेनही पाहा. मागच्या दातेरी चाकावर ती बोटाने मागे ओढली तर दातापासून सुटून वर येता कामा नये, आणि दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर सगळा चेनसेट गेला.

गाडी स्टँडवर घ्या, मुलाला मागून दाबून पुढचे चाक उचलायला सांगा आणि तुम्ही हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. बरोबर मध्यावर खाच लागल्यासारखे अडले तर आतले बेअरिंग खराब. तिथेच खाली, हँडल पुरते वळल्यावर ज्या खुंटीला टेकते ती खुंटी पाहा. ती वाकलेली किंवा वेल्डिंग केलेली असेल तर गाडी समोरून आपटलेली आहे. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर बोट फिरवा; तेलकट लागले तर ऑइल सील गेले. हा खर्च मोठा नाही, पण किंमत पाडायला उपयोगी.

मग चक्कर. पेट्रोल आपले घाला, लाजू नका. मुलाला चालवू दे आणि मागे तुम्ही बसा. हो, तुम्हीच! तो वेगाकडे बघेल, तुम्ही बाकी सगळ्याकडे. इंजिन चांगले तापल्यावर वरच्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला त्याला एकदम ॲक्सिलरेटर पिळायला सांगा. इंजिन ओरडले आणि गाडी होती तिथेच राहिली, तर क्लच प्लेटा संपल्या. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, खड्ड्यात मागून 'टक' असा कोरडा आवाज येतो का, हे मागे बसलेल्याला जास्त कळते. आणि बसताना दोन गोष्टी बघा : धरायला कडी आणि साडी-गार्ड. मोटार वाहन नियमांप्रमाणे मागच्या माणसासाठी हाताला आधार, पाय ठेवायला जागा आणि मागचे चाक निम्म्याहून कमी नाही इतके झाकणारी जाळी असायला हवी. तरुण मुले 'शोभत नाही' म्हणून जाळी काढून फेकतात आणि मग कुणाचा तरी पदर, कुणाची ओढणी चाकात जाते. गार्ड काढलेला असेल तर तो परत मागा, नाहीतर नवा बसवायचे पैसे किमतीतून कापा. फटफट आवाजाचा वेगळा सायलेन्सर लावलेला असेल तर मूळचा सायलेन्सर हातात पडल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नका. तो आवाज मुलाला आवडेल, पोलिसांना आवडणार नाही.

गाडी सुमारे १९५ किलोची आहे, हेही सांगून ठेवते. घरात आणखी कुणी चालवणार असेल, लेक किंवा सून, तर ती आडवी पडल्यावर उचलता येईल का, बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, हे त्यांना नेऊनच पाहावे. हंटर १८१ किलोची आहे आणि मेटिऑरची सीट ७६५ मिलिमीटर उंचीची, बरीच खाली. काही भगिनींना या दोन जास्त सोयीच्या पडतील.

आता कागद. इथे मात्र थोडा वेळ द्या, कारण इंजिन बिघडले तर पैसे जातात, कागद बिघडले तर झोप जाते.

गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर घातला की नोंदणीची तारीख, विमा आणि पी.यू.सी. कधीपर्यंत आहे ते दिसते. मालकाचे नाव अर्धे झाकलेले असते, पण आर.सी.वरच्या नावाशी ताडून बघण्याइतके पुरते. थकलेली चलने महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर बघा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरून स्वतः वाचून आर.सी.शी अक्षर न् अक्षर जुळवा. आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर "कर्ज केव्हाच फिटले" हे तोंडी ऐकून घेऊ नका. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात हवा, आणि बोजा उतरवल्याची नोंदही व्हायला हवी. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ चा दाखला, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर, हे सगळे आपल्या गळ्यात येते. स्वस्त पडते असे वाटते, पण पडत नाही.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत. अर्ज आता परिवहनच्या संकेतस्थळावरही भरता येतो. "सह्या करून देतो, सावकाश नाव चढवा," हे वाक्य ऐकले की सावध व्हा. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका काकूंनी यजमानांच्या पश्चात गाडी विकली. आधी वारसाचे नाव लागायला हवे होते ते लावलेच नाही, कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्या. दोन वर्षे तिऱ्हाईत माणूस फिरत होता आणि चलने मात्र काकूंच्या घरच्या मोबाइलवर. चलनांवर निभावले हे नशीब म्हणायचे. ६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे की अपघात झाला त्या दिवशी नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. त्या प्रकरणात गाडी विकून पुढे आणखी हातांत गेलेली होती, तरी नोंदणीतल्या मूळ मालकाला सुटका मिळाली नाही. म्हणून विकणाऱ्या भगिनींनीही हे वाचून ठेवावे. ताबा देताना साध्या कागदावर तारीख आणि घड्याळातली वेळसुद्धा घालून दोघांच्या सह्यांची पावती करा, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती तिला जोडा.

विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. आधीच्या मालकाने अपघात न केल्याबद्दल त्याला मिळालेली सवलत त्याच्याबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही. तेव्हा त्याने भरला तेवढाच हप्ता आपल्याला पडेल असे धरू नका.

किंमत ठरवताना दोन गोष्टींचा आधार घ्या. एक, विम्याच्या कागदावर आय.डी.व्ही. म्हणून आकडा असतो. नव्या गाडीच्या किमतीतून तो काढतात : एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के वजा, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. बुलेटची बाजारातली किंमत सहसा याच्या वर असते हे खरे, पण बोलणी कुठून सुरू करायची ते कळते. दोन, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३४६, ३४९ सगळ्या त्यात बसतात. करासकट दोन लाखांची गाडी असेल तर ती तेवढ्यानेच साडेपंधरा हजारांनी उतरली. पुष्कळ विकणारे अजून आपली जुनी पावती दाखवून भाव सांगतात. नवी स्वस्त झाली तर जुनीही उतरायला हवी, हे शांतपणे बोलून दाखवा.

ताईंच्या गाडीचा हिशेब आता मांडू. सांगितले ८५ हजार. टायर जुने निघाले तर दोन्हींचे पाच-सहा हजार, चेनसेट अडीच, बॅटरी पावणेदोन, तेल आणि सर्व्हिसिंग दोन, तिऱ्हाइताचा सक्तीचा विमा दीड हजारांच्या आसपास. २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे नवी सुरक्षा नंबरप्लेट लागलेली नसेल तर ४५० रुपये अधिक कर. दोन हेल्मेट तीन हजार. ती रस्त्याकडेची दोनशेवाली नव्हेत. सतराएक हजार झाले, नाव बदलायचा खर्च वेगळा. शिवाय या वयाच्या गाडीतले पेट्रोलचे रबरी पाइप एकदा बदलून घ्यावेत, कारण पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या गाड्या त्याच्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. म्हणजे ८५ ची गाडी एक लाख तीन-चार हजारांना पडली. तुमच्याकडे आहेत ९०. त्यातले २५ धाकटीचे.

तेव्हा ताई, पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. धाकटीचे २५ हजार आजच तिच्या नावे पोस्टात किंवा बँकेत वेगळे ठेवा. मुलगा परत करणार नाही असे मी म्हणत नाही. पण कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला तर प्रवेशाची तारीख थांबत नाही, आणि अशा वेळी 'पुढच्या वर्षी बघू' हे नेमके मुलीच्याच वाट्याला येते. राहिले ६५. ते मुलाला द्यायचे की नाही हा तुमच्या दोघांतला मामला. द्यायचे तर उसने म्हणून, महिन्याचा हप्ता लिहून घेऊन द्या. वरची रक्कम त्याने स्वतःच्या पगारातून साठवावी. चार-सहा महिने थांबला तर कदाचित ए.बी.एस.वाली, पहिल्या मालकाची गाडी त्याच्या आवाक्यात येईल. रविवारची गाडी गेली तर जाऊ द्या. क्लासिक ३५० ही काही दुर्मिळ चीज नाही, प्रत्येक तालुक्यात दोन-चार विकायला उभ्या असतातच.

तरीही तो ऐकत नसेल आणि रविवारी जायचेच ठरले, तर सोबत टॉर्च, जुने फडके आणि वाचायचा चष्मा घ्या, आणि तुमच्या गावातल्या फिटरला शे-दोनशे रुपये देऊन बरोबर न्या. विकणाऱ्याने सुचवलेला फिटर नको. त्या गाडीला, पूर न निघाला तर, ६७ हजारांपासून बोलणी सुरू करा आणि ७२ च्या वर जाऊ नका. विसार म्हणून हजाराच्या वर देऊ नका, आणि तोही पावती घेऊनच. पूर निघाला तर मात्र चहासुद्धा न घेता परत या. काय झाले ते पत्राने कळवा.